मुख्यमंत्री बदलला म्हणून निवडणूक हवी का, हे कसे तपासावे

गोव्यात मुख्यमंत्री बदलला की दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टेबलावर दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. ‘आम्ही याला मत दिलंच नव्हतं’ हे पहिले, आणि ‘मग घ्या परत निवडणूक’ हे दुसरे. पहिले बहुतेक वेळा खरे असते, कारण मुख्यमंत्र्याला त्याच्या एका मतदारसंघापलीकडे कोणीच थेट मत देत नाही. दुसरे मात्र पहिल्यातून आपोआप निघत नाही. ते निघते की नाही हे ठरवण्याची एक रीत आहे. तिला कागद, पेन्सिल, मागच्या निवडणुकीचा चाळीस जागांचा निकाल आणि साधारण अर्धा तास लागतो.

बदल कोणत्या जातीचा, ते आधी ठरवा

मृत्यू, दिल्लीला बढती, पक्षातली खांदेपालट आणि सभागृहात बहुमत तुटणे, या चार वाटांनी मुख्यमंत्री बदलतो. गोव्याने चारही पाहिल्या आहेत. १२ ऑगस्ट १९७३ रोजी भाऊसाहेब बांदोडकर गेले आणि शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. सत्ता मगोकडेच (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाकडेच) राहिली. नोव्हेंबर २०१४ मध्ये मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि लक्ष्मीकांत पार्सेकर आले. २०१२ ला भाजपने एकट्याने २१ जागा जिंकल्या होत्या, त्यामुळे सभागृहातले गणित जराही हलले नाही. या दोन्ही वेळी फेरनिवडणुकीची मागणी टिकली नसती. पार्सेकरांबद्दल मतदाराला काय वाटले ते २०१७ ला कळले: भाजप १३ वर आला आणि पार्सेकर मांद्रेत स्वतः पडले.

चौथी वाट वेगळी. १९८९ च्या अखेरीस निवडून आलेल्या विधानसभेने एकाच मुदतीत सात शपथविधी पाहिले: राणे, चर्चिल आलेमाव, लुईस प्रोतो बार्बोझा, मध्ये राष्ट्रपती राजवट, मग रवी नाईक, डॉ. विली डिसोझा, पुन्हा रवी नाईक (२ ते ८ एप्रिल १९९४, आठवडाभरही नाही) आणि पुन्हा डॉ. विली. एवढे सगळे झाले तरी मतदाराला १९९४ च्या नोव्हेंबरपर्यंत कोणी विचारले नाही. ‘मुख्यमंत्री बदलला की निवडणूक’ असा सरसकट नियम असता तर त्या काळात आपण मतदान केंद्रावरच मुक्काम ठोकला असता. आणि नियम अजिबात नसल्यामुळे काय होते, तेही त्याच पाच वर्षांनी दाखवले.

उलट उदाहरणही आपल्याकडेच आहे. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का, यावरच्या १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाआधी, कौल निष्पक्ष व्हावा म्हणून बांदोडकरांनी राजीनामा दिला होता. विलीनीकरणाच्या बाजूने लढलेला मगो कौलात हरला आणि दोनच महिन्यांनी झालेल्या विधानसभा निवडणुकीत जिंकला. एखादा प्रश्न आणि सरकार यांना मतदार वेगवेगळे तोलतो, हे लक्षात ठेवा. पुढे नियम बनवायला बसाल तेव्हा उपयोगी पडेल.

डोकी मोजा, पण ४० धरून नव्हे

विधानसभेच्या जागा ४०, म्हणून बहुमत २१, हे सगळ्यांना पाठ आहे. चूक इथेच होते. बहुमत मोजायचे ते त्या दिवशी हयात आणि पदावर असलेल्या सदस्यांतून. १७ मार्च २०१९ रोजी पर्रीकरांचे निधन झाले. त्याआधी फ्रान्सिस डिसोझा गेले होते, आणि सुभाष शिरोडकर व दयानंद सोपटे यांनी ऑक्टोबर २०१८ मध्ये राजीनामे दिले होते. सभागृह उरले ३६ चे, म्हणजे बहुमत १९. प्रमोद सावंत यांचा शपथविधी १९ मार्चच्या पहाटे झाला आणि २० तारखेला विश्वासदर्शक ठराव २० विरुद्ध १५ ने संमत झाला. बेरीज ३५ येते. छत्तिसावे उपसभापती मायकल लोबो त्या दिवशी आसनावर होते, आणि आसनावरचा सदस्य मते समसमान पडली तरच मत देतो.

म्हणून कागदावर आधी लिहा: मूळ जागा, मृत्यू, राजीनामे, अपात्र ठरलेले, हातात उरलेले सदस्य, त्याच्या निम्म्याहून एक जास्त. सभापतीच मुख्यमंत्री झाले (२०१९ ला तेच झाले) तर आसन कोणाकडे जाते आणि त्यामुळे कोणाचे एक मत कमी होते, तेही बाजूला टिपा. काठावरच्या सभागृहात या एका मतावर सरकार उभे राहते किंवा पडते.

आता खरी तपासणी: सांधा बदलला का

चेहरा बदलला म्हणून निवडणूक नको. पण मतदाराने जी जुळणी निवडून दिली ती मोडून वेगळीच बसवली असेल, तर मुख्यमंत्री तोच राहिला तरी निवडणुकीची मागणी रास्त ठरते. हे तपासायला तीन रकाने आखा.

पहिल्या रकान्यात सत्ताधारी पक्षाच्या चिन्हावर किंवा त्याच्याशी निवडणूकपूर्व युती करून निवडून आलेले. दुसऱ्यात अपक्ष. तिसऱ्यात ज्यांनी याच सरकारच्या पक्षाविरुद्ध मते मागितली आणि आता सरकारात आहेत ते. कोण कुठे बसतो हे आजच्या पक्षावरून ठरवू नका, निवडणुकीच्या दिवशीच्या चिन्हावरून ठरवा. मात्र मध्ये राजीनामा देऊन पोटनिवडणूक जिंकली असेल तर नवे चिन्ह धरा. त्याने मतदाराला विचारले आहे, त्याचे खाते चुकते झाले.

पहिला रकाना एकटा बहुमताला पोचला तर मागणी सोडून द्या. पहिला आणि दुसरा मिळून पोचले तर प्रकरण वादाचे. अपक्षाने प्रचारात काय सांगितले होते ते जुन्या पेपरांत शोधावे लागते. तिसरा घेतल्याशिवाय आकडा जमतच नसेल तर मागणीला भक्कम आधार आहे.

जुलै २०१९ वर हे लावून बघा. १० जुलैला काँग्रेसचे दहा आमदार भाजपमध्ये विलीन झाले आणि भाजप २७ वर गेला. त्यातून ते दहा वजा करा, मार्चअखेर मगोतून आलेले दोन वजा करा. शिरोडकर आणि सोपटे वजा करायचे नाहीत, ते एप्रिलमधल्या पोटनिवडणुकीत नव्या चिन्हावर निवडून आले होते. उरले १५. तीन अपक्ष मिळवले तरी १८, म्हणजे २१ ला तीन कमी. गंमत अशी की सगळी आरडाओरड मार्चमध्ये, मुख्यमंत्री बदलला तेव्हा झाली. मार्चमध्ये जुळणी जशीच्या तशी होती: भाजप, गोवा फॉरवर्ड, मगो, अपक्ष. जुलैत मुख्यमंत्री बदलला नाही आणि जुळणी उलटीपालटी झाली, गोवा फॉरवर्डचे मंत्री घरी गेले. पाहायला हवे होते ते तेव्हा.

मार्चच्या बाजूने एक मुद्दा मात्र प्रामाणिकपणे मांडता येतो. २०१७ मध्ये १७ जागांची काँग्रेस बाहेर राहिली आणि १३ जागांच्या भाजपने सरकार केले ते गोवा फॉरवर्ड आणि मगोच्या पाठिंब्यावर. तो पाठिंबा ‘पर्रीकर मुख्यमंत्री होणार असतील तर’ या अटीवर होता. पाठिंबाच जर माणसाला दिलेला असेल तर माणूस गेल्यावर तो संपतो का? आमच्या मते संपतो, पण तो आमदारांचा शब्द असतो, मतदाराचा नव्हे. म्हणून त्यावरचा उपाय विश्वासदर्शक ठराव हा आहे, आणि तो तीन दिवसांत झाला. तीन रकाने २०१७ लाच आखले असते तर तिसऱ्याशिवाय आकडा जमत नव्हता, हे पहिल्याच दिवशी दिसले असते.

१९९९ ला निकाल आणखी स्वच्छ लागतो. जूनमध्ये काँग्रेसला २१ आणि भाजपला १० जागा. नोव्हेंबरमध्ये मुख्यमंत्री फालेरो गेले, काँग्रेसमधून फुटलेले सार्दिन भाजपच्या पाठिंब्यावर आले, आणि ऑक्टोबर २००० मध्ये दहा जागा जिंकलेल्या पक्षाचा मुख्यमंत्री झाला. दोन्ही सरकारांत समोरासमोर लढलेले एका बाकावर होते. उलट सप्टेंबर २०२२ मध्ये काँग्रेसच्या अकरापैकी आठ भाजपमध्ये गेले तेव्हा भाजपकडे स्वतःचे २० आणि सोबत तीन अपक्ष होते, म्हणजे सरकार त्या आठांवर उभे नव्हते. तिथे भांडण अपात्रतेचे आहे, फेरनिवडणुकीचे नाही. या दोन गोष्टींची गल्लत केली की दोन्ही मागण्या बुडतात.

दोन तृतीयांशाचा हिशेब

राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात, १९८५ पासून एक तृतीयांश फुटीला मोकळीक होती. ९१ व्या घटनादुरुस्तीने ती २००३ मध्ये काढली आणि विलीनीकरणाची दोन तृतीयांशाची वाट तेवढी ठेवली. छोट्या राज्यात ही वाट अरुंद नसते. तीनचे दोन तृतीयांश दोन, पंधराचे दहा, अकराचे सात पूर्णांक एक तृतीयांश म्हणजे आठ. मगोचे तिघांतले दोन, २०१९ चे पंधरातले दहा, २०२२ चे अकरातले आठ: तिन्ही वेळा आकडा नेमका किमान. योगायोग इतका शिस्तीचा नसतो.

त्याच दुरुस्तीने मंत्रिमंडळ सभागृहाच्या १५ टक्क्यांवर आणले, पण छोट्या राज्यांसाठी बाराची सवलत ठेवली. चाळिसाचे १५ टक्के सहा होतात. गोव्यात बारा चालतात. एकवीस जणांच्या बहुमतात बारा खुर्च्या, आणि बाकीच्यांसाठी महामंडळे. त्यात आपले मतदारसंघ सरासरी तीस हजार मतदारांच्या आतले. थोड्या हजार मतांवर निवडून आलेला एक जण सरकार हलवू शकतो तो यामुळे.

विधानसभा बरखास्त कोण करू शकतो

मुदत पाच वर्षांची, अनुच्छेद १७२. त्याआधी बरखास्ती अनुच्छेद १७४ खाली राज्यपालांच्या सहीने, पण बहुमत असलेल्या मंत्रिमंडळाच्या सल्ल्यावर. पर्रीकरांनी फेब्रुवारी २००२ मध्ये हेच केले आणि ३० मे रोजी मतदान झाले. मंत्रिमंडळाने बहुमत गमावले असेल तर त्याचा सल्ला राज्यपालांवर बंधनकारक राहत नाही. ते आधी दुसऱ्या कोणाचे बहुमत जमते का हे पाहतात. बहुमत कुठे ठरवायचे यावर सर्वोच्च न्यायालयातल्या बोम्मई खटल्याने १९९४ मध्ये पडदा टाकला: सभागृहात, राजभवनाच्या दिवाणखान्यात नव्हे.

तिसरी वाट अनुच्छेद ३५६ ची, म्हणजे राष्ट्रपती राजवटीची. राष्ट्रपती राजवट लागली म्हणजे निवडणूक लागली असे समजू नका. संसदेच्या दोन्ही सभागृहांची मंजुरी मिळेपर्यंत विधानसभा फक्त निलंबित ठेवता येते. १९९० च्या डिसेंबरात राजवट लागली, जानेवारी १९९१ मध्ये त्याच विधानसभेतून नवे सरकार निघाले. मार्च २००५ मध्येही तेच. जूनमध्ये पाच जागांच्या पोटनिवडणुका झाल्या आणि राणे परत आले. फेब्रुवारी १९९९ मध्ये मात्र शेवट निवडणुकीत झाला.

२००५ ची ती पोटनिवडणुकीची वाट कमी लेखली जाते. फुटलेल्याने राजीनामा द्यावा आणि नव्या चिन्हावर मते मागावीत, हे चाळीस जागांच्या निवडणुकीपेक्षा स्वस्त आणि नेमके. मागणी करायचीच तर आधी ही करा.

नवा नेता आमदार नसेल तर

अनुच्छेद १६४(४) नुसार सहा महिने. या काळात निवडून आला नाही तर पद जाते, आणि राजीनामा देऊन पुन्हा शपथ घेऊन सहा महिने वाढवता येत नाहीत. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंजाबच्या प्रकरणात ती पळवाट बंद केली. पर्रीकर १४ मार्च २०१७ ला शपथ घेऊन २३ ऑगस्टच्या मतदानात पणजीतून निवडून आले, म्हणजे मुदतीत.

फसगत शेवटच्या वर्षात होते. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १५१अ प्रमाणे रिकामी जागा सहा महिन्यांत भरायची, पण त्या जागेची मुदत वर्षाहून कमी उरली असेल तर हे बंधन नाही. मग पोटनिवडणूक लागत नाही आणि सहा महिन्यांचे घड्याळ मात्र चालू राहते. उत्तराखंडात तीरथसिंह रावत यांना जुलै २०२१ मध्ये चार महिन्यांच्या आतच जावे लागले ते याच कात्रीत. निवडणुकीला वर्ष उरले असताना बाहेरचा माणूस आणला जात असेल तर पहिला प्रश्न हाच विचारा.

तारखांचे गणित

अधिसूचनेनंतर सातव्या दिवशी अर्जांची मुदत संपते, दुसऱ्या दिवशी छाननी, त्यानंतरच्या दुसऱ्या दिवसापर्यंत माघार, आणि माघारीनंतर किमान चौदा दिवसांनी मतदान. बेरीज चोवीस दिवस. मध्ये सुटी आली की एकेक दिवस सरकतो. मतदारयाद्या, यंत्रे आणि निमलष्करी दले जमवायला लागणारा वेळ वेगळा. २००२ चा अनुभव तीन महिन्यांचा.

गोव्यात याला पाऊस आडवा येतो. १९९९, २००२ आणि २००७ ची मतदाने मेअखेर ते जूनच्या पहिल्या आठवड्यात उरकली गेली. पावसात मतदान अशक्य नाही (पणजीची २०१७ ची पोटनिवडणूक ऑगस्टातच झाली), पण सत्तरी-सांगे-काणकोणात भर पावसात आणि चवथीच्या तोंडावर चाळीस जागांचा प्रचार ही कोणालाच नको असलेली गोष्ट आहे. ३१ मार्चही विसरू नका. अर्थसंकल्प किंवा लेखानुदान (काही महिन्यांच्या खर्चाची आगाऊ मंजुरी) संमत होण्याआधी सभागृह बरखास्त झाले तर १ एप्रिलपासून तिजोरीतून पैसा काढायला राज्यात कोणाकडे अधिकार राहत नाही, आणि तो संसदेकडून आणावा लागतो. फेब्रुवारीत बरखास्तीची मागणी करणाऱ्याने आधी लेखानुदान मागावे.

कायमचा नियम लिहायला बसलात तर

असा नियम गोवा विधानसभा करू शकत नाही. तिला फार तर ठराव करता येईल. दुरुस्ती संसदेलाच करावी लागेल. मसुदा करताना खड्डे कुठे आहेत ते पाहा.

‘नवा मुख्यमंत्री आल्यापासून सहा महिन्यांत निवडणूक’ असे लिहिले की आमदार कधीच नेता बदलणार नाहीत. भ्रष्ट, निष्क्रिय किंवा अंथरुणाला खिळलेला मुख्यमंत्रीही खुर्चीत ठेवला जाईल, कारण त्याला हलवले तर सगळ्यांच्या जागा धोक्यात. ‘मृत्यू वगळून’ अशी सूट दिली तर आजारपणाचे काय, हा प्रश्न उरतो. ‘फक्त पक्ष बदलला तर’ असे लिहिले तर विलीनीकरणवाले म्हणतील, पक्ष बदललाच नाही, तो दुसऱ्यात मिसळला.

इस्रायलने यावर सरळ उपाय केला होता: पंतप्रधानच थेट निवडायचा. १९९६, १९९९ आणि २००१ अशा तीन वेळा तसे झाले. २००१ मध्ये तर संसद तीच ठेवून एकट्या पंतप्रधानाची निवडणूक घेतली. लोकांनी एक मत नेत्याला आणि दुसरे आपापल्या छोट्या पक्षाला दिले, संसद आणखी तुकड्या-तुकड्यांची झाली आणि पद्धत मोडीत निघाली. शेजारी महाराष्ट्रात थेट सरपंच २०१७ ला आला, २०२० ला गेला, २०२२ ला परत आला. आपल्याकडे पंच सरपंच निवडतात आणि अविश्वास ठरावाने बदलतात, त्यासाठी वाड्यावाड्यांत कोणी फेरमतदान मागत नाही. त्याच मापाने मुख्यमंत्री मोजायचा का, याचे उत्तर आधी स्वतःशी ठरवा.

ब्रिटनमध्येही नियम नाही, सवय आहे. २०१६ ला आलेल्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी वर्षाने निवडणूक घेतली, जॉन्सन यांनी पाच महिन्यांत. ट्रस सात आठवड्यांत गेल्या आणि त्यांच्यामागून आलेले सुनक जुलै २०२४ पर्यंत थांबले. गॉर्डन ब्राउन यांनी २००७ च्या शरदात निवडणुकीची चर्चा वाढू दिली, मग माघार घेतली, आणि ती माघार त्यांना शेवटपर्यंत चिकटली. जर्मनीची रीत आम्हाला जास्त पटते: पर्यायी नाव देऊनच अविश्वास आणायचा. १९८२ मध्ये चान्सेलर हेल्मुट कोल असे आले, आणि तरीही मार्च १९८३ मध्ये त्यांनी मुद्दाम निवडणूक ओढवून घेतली, कारण त्यांचा सहयोगी पक्ष एका बाजूने दुसरीकडे गेला होता. सांधा बदलला होता, हे त्यांना मान्य होते.

गोव्यासाठी मसुदा लिहायचा तर कलमाचा कणा असा असावा: सरकारच्या बहुमतातून निवडणुकीनंतर पक्ष बदललेले सदस्य वजा केल्यावर आकडा निम्म्याच्या खाली जात असेल, तर त्या सदस्यांच्या जागा रिकाम्या समजाव्यात आणि तिथे पोटनिवडणूक व्हावी, अशा जागा दहापेक्षा जास्त असतील तर सगळ्या विधानसभेची. दहा हा आकडा आमचा, त्यावर वाद घालावा. आणखी एक गोष्ट डोळ्यांसमोर ठेवा. लोकसभा आणि विधानसभांच्या निवडणुका एकत्र घेण्यासाठी डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत मांडलेले १२९ वे घटनादुरुस्ती विधेयक कायदा झाले तर मध्यावधी निवडणुकीतून येणारी विधानसभा उरलेल्या मुदतीपुरतीच असेल. शेवटच्या दीड वर्षात निवडणूक मागणे मग पुष्कळ महाग पडेल.

निवेदन कसे लिहावे

एक पान पुरे. पहिल्या परिच्छेदात बदलाची तारीख आणि जात. दुसऱ्यात त्या दिवशीची सदस्यसंख्या आणि बहुमताचा आकडा. तिसऱ्यात तीन रकान्यांच्या बेरजा. चौथ्यात मागणी, आणि ती ज्याच्या हातात आहे त्याच्याकडेच: राज्यपालांकडे ठराविक दिवसांत विश्वासदर्शक ठरावाची, सभापतींकडे प्रलंबित अपात्रता अर्ज निकाली काढण्याची, आपल्या आमदाराकडे राजीनाम्याची, मुख्यमंत्र्यांकडे बरखास्तीच्या सल्ल्याची. चौघांना एकच पत्र पाठवले तर चौघेही ते दुसऱ्याकडे ढकलतात, म्हणून चार वेगळी पत्रे करा. ‘राज्यपालांनी जनभावना ओळखून विधानसभा बरखास्त करावी’ हे वाक्य खोडा; तसा अधिकार त्यांच्याकडे नाही आणि वाचणारा कारकून तिथेच फाईल बंद करतो.

चाळीस जागांचा तक्ता सोबत जोडा: मतदारसंघ, निवडून येतानाचे चिन्ह, आजचा पक्ष, मधली पोटनिवडणूक असल्यास तिची तारीख. पत्र हातोहात द्या, प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. तक्ता मात्र स्वतःकडेही ठेवा आणि प्रत्येक राजीनाम्यागणिक दुरुस्त करत जा. पुढचा शपथविधी पहाटे झाला तर सकाळी बेरीज करायला वेळ मिळेलच असे नाही.